भंगाराची लाज

बिराजदार मॅडम आमच्या कारखान्यात रुजू झाल्या त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी ताटात पेलाभर पाणी ओतलं, बोटांनी ताट विसळलं आणि ते पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. आमच्या शिंदे फिटरचा घास हातातच राहिला. मॅडमनी पदराला तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "काय बघताय? आमच्या दुधनीला मठात दासोहाच्या पंगतीला असंच जेवतात. ताटात घेतलं ते माझं. ते दुसऱ्याच्या दारात टाकायला कशाला जाऊ?" आणि ताट घेऊन चालत्या झाल्या. मला त्या दिवशीची वांग्याची भाजी अजिबात आवडली नव्हती. तरी मुकाट्यानं संपवली. मनातून मात्र चांगलाच चरफडलो. म्हटलं, आता ही बाई आम्हाला जेवायला शिकवणार!

मी माने. मूळचा मोडनिंबचा. सोलापूरच्या एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, म्हणजे बिडाचं लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. आम्ही ट्रकचे ब्रेक ड्रम ओततो आणि मी ते गाडीत भरून गिऱ्हाइकाकडं रवाना करतो. माझं काम तसं सरळ. माल मोजायचा, भरायचा, ड्रायव्हरशी हुज्जत घालायची आणि संध्याकाळी घरी जायचं. पर्यावरण हा विषय मुलीच्या शाळेच्या पुस्तकापलीकडं मला कधी भेटला नव्हता.

मालक राजेशमशेठ. शेठ तेलुगू विणकर घराण्यातले. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. चादरी विणायचे. शेठना त्या धंद्यात पुढं काही दिसेना, तेव्हा त्यांनी माग सोडून भट्टी टाकली. माणूस दिलदार, पण तपासणी, नियम, सरकारी शिक्का असलं काही दिसलं की त्यांचा रक्तदाब वाढायचा. पुण्याच्या ज्या ट्रक कंपनीला आम्ही माल द्यायचो, तिनं एक दिवस कळवलं की यापुढं माल देणाऱ्या प्रत्येकानं आपल्या धुराचा, कचऱ्याचा, विजेचा आणि कच्च्या मालाचा हिशोब द्यायचा. शेठ म्हणाले, "एक माणूस ठेवा रे हे भरायला." असं करून बिराजदार मॅडम आल्या. आधी त्या एका साखर कारखान्यात सांडपाण्याचं बघायच्या. अंगानं ठेंगण्या, आवाज मात्र भट्टीच्या वर ऐकू जाईल असा. इरकल साडी आणि पायात सुरक्षेचे जाडजूड बूट.

शेठनी पहिल्याच भेटीत त्यांना समजावलं, "मॅडम, फार मनाला लावून घेऊ नका. कागदापुरतं करायचं."

"शेठ, तो शब्द मला ऐकू येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"कुठला शब्द?"

"तोच. कागदापुरतं. बाकी सगळं ऐकू येतं बघा, तेवढ्या एका शब्दाला मी बहिरी."

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं बघायला लागलो.

मॅडमची नियम वाचायची पद्धत फार न्यारी होती. नवा नियम आला की दुपारच्या जेवणानंतर त्या कँटीनमध्ये उभ्या राहायच्या आणि श्रावणात पोथी वाचावी तसा तो मोठ्यानं वाचायच्या. एक वाक्य वाचायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा. कुणी जांभई दिली की त्यालाच विचारायचं, "काय कळलं, सांगा." सुरुवात नेहमी व्याख्यांपासून. "आधी व्याख्या वाचा," त्या म्हणायच्या. "कचरा कशाला म्हणायचं, वाहन कशाला म्हणायचं, बनवणारा कुणाला म्हणायचं, हे आधी ठरतं. सगळं भांडण तिथंच असतं. पुढची पानं नुसती वाटणी."

सुरुवातीला आम्ही दाताला दात लावून ऐकायचो. पुढं गोडी लागली, कारण बाई सांगायच्याच अशा. ट्रक कंपनी आमच्या धुराचा हिशोब का मागते, असं शिंद्यानं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरी कार्य हाय. आचारी तुम्ही बोलावला. त्यानं खवट तेल वापरलं आणि पाहुण्यांची पोटं बिघडली, तर शिव्या कुणाला? तुम्हालाच की. मग तुम्ही आचाऱ्याला विचारणार, बाबा रे, तेल कुठनं आणलंस? तसंच हे. ट्रक कंपनी यजमान, आपण आचारी आणि आपल्याला लोखंड देणारा तो आपला किराणावाला. यजमानाला दरवर्षी सगळ्या गावासमोर सांगावं लागतं की वीज किती जाळली, पाणी किती घेतलं, माणसांना कसं वागवलं. आता गाव म्हणतंय, तुझ्या आचाऱ्याचंही सांग."

"आणि युरोपवाले?" मी विचारलं. शेठ सारखे युरोपच्या नावानं बोटं मोडायचे म्हणून.

"ते लोखंड आत घेतानाच विचारतात, हे करताना धूर किती झाला? जास्त झाला असला तर त्याचे पैसे ठेवा म्हणतात. गाडीचा आपला भाग आज त्यांच्या मालाच्या यादीत नसेल, उद्या येईल. यजमान शहाणा हाय, तो आजच विचारून ठेवतोय."

जुन्या गाड्यांचा नियम आला तेव्हा तर मॅडम लग्नघरातल्या करवलीसारख्या खुशीत होत्या. गाडी बनवून विकली की बनवणारा सुटला, असं आता नाही. गाडी म्हातारी झाली की तिचं लोखंड नीट सोडवून परत वापरात आणायची जबाबदारीही त्याच्यावरच. "पंगत उठल्यावर पत्रावळी कुणी उचलायच्या?" त्यांनी विचारलं. "ज्याच्या घरचं कार्य, त्यानं," सगळे एका सुरात म्हणाले. "यप्पा! एवढंच लिहायला त्यांनी एवढी पानं घेतलीत बघा."

त्यांचे ठरलेले दोन प्रश्न होते. कुठल्याही वस्तूसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, "हे आलं कुठनं? आणि हे जाणार कुठं?" साच्याची जळकी वाळू असो, तेलकट चिंध्या असोत, चहाचे कागदी कप असोत, उत्तर द्यावंच लागायचं. "मागं टाकतो" हे उत्तर चालायचं नाही. "मागं म्हणजे कुणाच्या पुढं?" असं त्या विचारायच्या. गेटवरचा वॉचमन इतका वैतागला की त्या दिसल्या की आधीच सलाम ठोकून सांगायचा, "मॅडम, मी घरनं आलोय, घरीच जाणार." मॅडम हसायच्या, पण त्याच्या टेबलाखालची तुटकी ट्यूबलाइट दिसली की परत फिरून तेच दोन प्रश्न विचारायच्या. बिचाऱ्याला हसवून फसवल्यासारखं व्हायचं.

एकदा शेठनी झाडं लावली. म्हणजे फोटो काढण्यापुरती. मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "छान आलेत सगळे. आता जगलेली दाखवा." त्यानंतर उन्हाळाभर शेठ घरून येताना गाडीत पाण्याचे कॅन घालून आणायचे आणि स्वतः ओतायचे. मालकाला रोपांपुढं वाकलेलं बघून आम्हाला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

त्यांच्या स्कूटरचा किस्सा तर मी अजून लोकांना सांगतो. एकदा माझी गाडी बंद होती, म्हणून मी मॅडमच्या मागं बसून निघालो. वाटेत त्यांना धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. तिथल्या माणसानं गाडीचा नंबर लिहिला, नंबरपाटीचा फोटो काढला आणि प्रमाणपत्र हातात ठेवलं. नळी गाडीला लावलीच नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, नळी?"

"लागतंय कशाला मॅडम? तुमची गाडी चांगलीच हाय की."

"तुम्ही बघितलीत?"

"बघायचं काय त्यात?"

झालं! मागं दहाबारा गाड्यांची रांग, ऊन मी म्हणतंय आणि ह्या बाई ढिम्म हलायला तयार नाहीत. शेवटी त्यानं वैतागून नळी लावली. स्कूटर नापास! धूर हवा त्यापेक्षा किती तरी जास्त. मी म्हटलं आता बाईंचं तोंड उतरणार. कसलं काय! मॅडम लहान मुलीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "बघा! खरं बोलली की नाही गाडी?" तिथून आम्ही दोघं स्कूटर ढकलत मिस्त्रीकडं गेलो. मी घामानं निथळत होतो आणि त्या मला वायू प्रदूषणाची पातळी समजावून सांगत होत्या. देवाशपथ, त्या दिवशी मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या शेडच्या मागं मोकळ्या जागेत भंगाराचा ढीग असायचा. साधंसुधं भंगार नव्हे, बंद पडलेल्या यंत्रमागांच्या बिडाच्या चौकटी. सोलापुरात एकेक कारखाना बंद होत गेला तसे माग वजनावर विकले गेले. भंगारवाला ते उचलायचा आणि आम्ही त्याच्याकडून घ्यायचो. मागाचं बीड जुन्या घडणीचं, ड्रमला अगदी बेस. भट्टीत त्याच्याबरोबर खाणीतून आलेलं नवं लोखंड घालायचं, की माल तयार. पण गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला नव्या लोखंडाच्या चकचकीत विटाच दाखवायचे. शेडच्या मागं कुणाला फिरकू द्यायचे नाहीत.

मॅडम तिथं पोचल्याच. परत आल्या त्या जवळजवळ पळत. "शेठ, अहो, मागं सोनं पडलंय तुमच्या!"

शेठचा चेहरा पडला. "ते भंगार आहे, मॅडम. ते लिहू नका."

"का म्हणून? नवं लोखंड करताना जेवढा धूर होतो त्याच्यापेक्षा कितीतरी कमी ह्यात होतो. लोक असल्या लोखंडाच्या मागं लागलेत आता. गाडीत जुनं लोखंड किती, ते विचारतात. आपल्यात निम्म्याहून जास्त हाय!"

"भंगारातला माल म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं," शेठ म्हणाले. "एवढी वर्षं मी हे झाकून ठेवलंय."

"ते दिवस गेले, शेठ."

शेठ काही बोलले नाहीत. मॅडमना वाटलं, पटलं. त्यांनी सगळं मोजून, वजन करून, भंगारवाल्याकडच्या पावत्या लावून लिहून पाठवलं की आमच्या मालात निम्म्याहून जास्त जुनं लोखंड आहे. खाली त्यांची सही. आठवड्याभरात निरोप आला की ट्रक कंपनीचा माणूस सोमवारी प्रत्यक्ष बघायला येतोय. आमचं बहुतेक सगळं काम त्या एकाच कंपनीचं. तो नाही म्हणाला की भट्टी थंड पडणार, हे शेठपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

मॅडम शनिवारी आईकडं दुधनीला गेल्या. आणि रविवारी शेठनी मला फोन केला. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटलं की आपण कसा घरातला पसारा पलंगाखाली सारतो, चादर खालपर्यंत ओढतो, शेजाऱ्यांचे कप मागून आणतो? आम्ही नेमकं तेच केलं. दोन ट्रक बोलावले, सगळं भंगार भरलं आणि शेठच्या मेहुण्याच्या मंद्रूपच्या शेतात नेऊन ओतलं. मागची जागा झाडली, सडा घातला, शिंद्याच्या बायकोनं झकास रांगोळी काढली. नर्सरीतून कुंड्या आणून ओळीनं मांडल्या. संध्याकाळी आम्ही सगळे कमरेवर हात ठेवून ते बघत उभे होतो आणि आम्हाला आमचाच अभिमान वाटत होता! शहाणपणाला काही सीमा असते की नाही?

सोमवारी सकाळी ट्रक कंपनीचे सबनीस आले. चष्मा, पाठीवर पिशवी, बोलणं मोजकं. मॅडम गेटवरूनच त्यांना घेऊन आत निघाल्या. "आधी मागंच चला साहेब, खरी गोष्ट तिकडंच हाय," असं म्हणत त्या पुढं आणि आम्ही सगळे मागं. शेडला वळसा घातला आणि मॅडम थांबल्या.

रांगोळी. कुंड्या. कण्हेर आणि शेवंती.

"जुनं लोखंड कुठं आहे?" सबनीसांनी विचारलं.

शेठ पुढं झाले. "संपलं साहेब, कालच. नवी गाडी उद्या येणार आहे."

सबनीसांनी मान हलवली आणि काहीतरी लिहायला घेतलं. तेवढ्यावर ते निभावलंही असतं कदाचित. मॅडमनी शेठकडं पाहिलं. शेठ शेवंतीकडं बघत होते. मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांचा तो चेहरा मला कधी विसरता येणार नाही. राग नव्हता त्यात. आपल्याच घरात कुणी आपल्याला बाहेर उभं करावं तशा त्या दिसत होत्या.

"साहेब, लिहू नका," त्या म्हणाल्या. "हे खरं नाही. भंगार शनिवारपर्यंत इथं होतं. आम्ही ते लपवलंय."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

शेठनी डोळेच मिटले. सबनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, नसलेलं भंगार आहे म्हणून दाखवणारे मी रोज पकडतो. असलेलं लपवणारे आजच बघतोय."

"ओ माने," मॅडम मला म्हणाल्या, "आलं कुठनं ते मला माहिती हाय. गेलं कुठं?"

"मंद्रूपला," मी म्हणालो.

मग काय, निघाली वरात! सबनीस, मॅडम, शेठ आणि मी एकाच गाडीत, अख्खं शहर ओलांडून मंद्रूपच्या वाटेला. शेठ पुढं बसून रस्ताभर रुमालानं मान पुसत होते.

शेतात बघतो तर आमच्या ढिगाचा संसार झालेला! खतासाठी रानात मेंढरं बसवायला आलेल्या धनगराच्या कुटुंबानं मागाच्या चौकटींना करडं बांधली होती. एका चौकटीवर लुगडं वाळत होतं. दुसरीच्या आडोशाला चूल पेटली होती. शेवंताबाई नावाची म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं हाय व्हय हे? आमी म्हनलं, देवच पावला. रातभर करडं हितनं हलली न्हाईत बघा. लई ब्येस हाय. आता न्हेताय का काय?"

"न्हेणार की, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मग आनायचं कशाला हुतं हितं?" म्हातारीनं विचारलं. सबनीस पहिल्यांदाच हसले.

मग त्यांनी काम सुरू केलं. फोटो काढले, चौकटी हलवून बघितल्या, भंगारवाल्याच्या पावत्यांशी ताडून पाहिल्या. सगळं जुळत होतं. बाजूला एक माग मात्र वेगळा उभा होता. मोडलेला नाही, आख्खा. उतरवतानाही शेठनी हमालांना ओरडून तो अलगद ठेवायला लावला होता. त्याच्यावर सुकलेल्या कुंकवाची बोटं होती.

"हा भट्टीत कधी जाणार?" सबनीसांनी विचारलं.

"हा नाही," शेठ म्हणाले.

"का?"

"मा नान्नदी," शेठ पुटपुटले. मग भान येऊन मराठीत म्हणाले, "माझ्या वडिलांचा आहे."

आणि मग त्या माणसाचा बांध फुटला. इतकी वर्षं त्यांच्याकडं काम करतोय, पण शेठना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "साहेब, भंगार म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं ही गोष्ट खोटी नाही, पण तेवढीच नाही. हे माग माझ्या गल्लीतल्यांचे आहेत. ज्यांच्या मांडीवर मी खेळलो त्यांचे. दसऱ्याला ते ह्यांची पूजा करायचे, हार घालायचे. त्यांचे माग बंद पडले आणि माझी भट्टी चालू झाली. त्यांनी वजनावर विकले, मी वितळवले. लग्नाकार्यात ते भेटतात तेव्हा माझी मान वर होत नाही. कुठल्या तोंडानं सांगू चारचौघांत, की माझा माल ह्याच्यापासून होतो?"

करडं ओरडत होती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही. पिशवीतून पेन काढलं आणि सबनीसांना म्हणाल्या, "साहेब, हा एक माग मी जुन्या लोखंडात धरला होता. माझी चूक. जे भट्टीत जाणार नाही ते भंगार नव्हे. एवढा वजा करा." आणि वजा करून तिथं परत सही केली.

परतताना गाडीत त्या शेठना म्हणाल्या, "शेठ, तुम्ही घेतलं नसतं तर हे लोखंड गंजत पडलं असतं नाहीतर कुठंतरी लांब गेलं असतं. आज ते गाडीचा ब्रेक झालंय. माणसं घरी सुखरूप पोचतात त्याच्यानं. ह्यात मान खाली घालण्यासारखं काय हाय, मला तरी दिसत नाही."

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. पण मान पुसायचं त्यांनी थांबवलं होतं.

सबनीसांनी आमचं लोखंड मान्य केलं, काम चालू ठेवलं. मात्र माल लपवल्याबद्दल कडक शेरा लिहिला आणि प्रत्येक खेपेचं भंगार कुठनं आलं याची नोंद ठेवायला लावली. आम्ही सुटलो म्हणून पेढे वाटले. पण सुटलो कसले! काही महिन्यांनी ट्रक कंपनीनं मॅडमनाच आपल्याकडं बोलावून घेतलं, माल देणाऱ्या कारखान्यांची तपासणी करायला. शेठ आठवडाभर रुसून बसले होते. "लोखंड तपासायला आले आणि माणूस उचलून नेलं!" असं येईल त्याला सांगत होते. निरोपाला आणलेली साडी मॅडमनी घेतली नाही. "होगली बिडरी, शेठ," त्या म्हणाल्या, म्हणजे राहू द्या हो. "उद्या मला तुमच्याच दारात तपासायला यायचंय. मी ती साडी नेसून आले तर लोक लाच दिली म्हणतील, तुम्हालाच तोंड लपवावं लागेल." आणि जाता जाता मला जळक्या वाळूवरून शेवटचं झापून गेल्या.

त्या गेल्यावर कँटीन सुनं वाटायला लागलं. जेवण झालं की हात धुऊन सगळे उठायचे. कुणी उभं राहून काही वाचायचं नाही. मला कुणी जाब विचारत नव्हतं आणि गंमत म्हणजे त्याचंच वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी मॅडम खरोखर तपासायला आल्या. तोवर आमचे शेठ दुसऱ्या टोकाला जाऊन पोचले होते. गेटवर हिरवागार फलक लागला होता. त्यावर पानं, वेली, पृथ्वीचा गोळा आणि मोठ्या अक्षरांत, "शंभर टक्के जुन्या लोखंडापासून!" मॅडम गाडीतून उतरल्या, फलक वाचला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी हौसेनं नारळ घेऊन गेलो तर म्हणाल्या, "ओ माने, नारळ ठेवा तिकडं. आज मी पाहुणी नाही." शेठ लगबगीनं आले.

"शेठ, ते नव्या लोखंडाच्या विटा काय आभाळातनं पडतात?"

"मॅडम, जाहिरात आहे ती. थोडं इकडंतिकडं चालतं की."

"चालत नाही. हिरवं रंगवायलाही आता नियम हाय. तेव्हा लपवत होता, आता नसलेलं मिरवताय. दोन्ही खोटंच की, शेठ!" आणि आमच्यासमोर, आम्हाला ओळखत नसल्यासारखं, त्यांनी कागदावर शेरा मारला.

शेठचा चेहरा एवढासा झाला. पण गप्प बसतील ते शेठ कसले! मॅडम आत तपासणी करत होत्या तोवर त्यांनी पेंटरला बोलावून घेतलं, सगळी वेलबुट्टी पुसायला लावली आणि स्वतः शेजारी उभं राहून मजकूर सांगितला. मी विचारलं, "काय लिहायचं ठरवलंत?" तर मला हातानंच गप्प केलं.

दुपारी मॅडम निघाल्या तेव्हा रंग ओलाच होता. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकही पान नाही. "आमच्या मालात निम्म्याहून थोडं जास्त जुनं लोखंड असतं. बाकीचं नवं." त्याच्या खाली, "जुनं लोखंड सोलापूरच्या बंद पडलेल्या मागांचं आहे. आम्ही ते वितळवून ब्रेक करतो." आणि त्याच्याही खाली तेलुगूत दोन ओळी.

मॅडमनी मराठी वाचलं. मग तेलुगू अक्षरांवर बोट नेलं. "हे काय लिहिलंय, शेठ?"

"तेच," शेठ म्हणाले. "आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मराठी वाचता येत नाही."

मॅडम आपल्या कानडीत म्हणाल्या, "छलो आतु, शेठ. भाळ छलो आतु." फार छान झालं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि शेठही दुसरीकडं बघत होते. मला वाटलं, आता बाई विरघळल्या. मी हळूच म्हणालो, "मॅडम, फलक तर बदलला. मग तो शेरा?"

"तो राहणार," बिराजदार मॅडम डोळे पुसत म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.